हिडकलच्या पाण्यातून वर येणारे हुन्नूरचे विठ्ठल मंदिर : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बेळगाव जिल्ह्यात हुक्केरी तालुक्यातील हिडकल धरणाच्या जलाशयात जुन्या हुन्नूर गावाचे विठ्ठल मंदिर आहे आणि वर्षातील बहुतेक महिने ते पाण्याखालीच असते. उन्हाळ्यात पाणी उतरू लागले की आधी शिखर दिसते, मग भिंतींचा वरचा भाग मोकळा होतो आणि पाऊस लांबलाच तर जोत्यापर्यंतचे दगडी बांधकाम उघडे पडते. त्या थोड्या आठवड्यांत बेळगाव, निपाणी, संकेश्वर, गोकाक या भागांतून पुष्कळ माणसे तेथे जातात. त्यांपैकी बऱ्याच जणांची फेरी मात्र वाया जाते, कारण सुट्टी पाहून ती घरातून निघतात, पाणी पाहून निघत नाहीत. मी स्वतः दोनदा असाच गेलो आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आलो. तिसऱ्यांदा आधी चौकशी करून गेलो तेव्हा कोठे मंदिराच्या भिंतीला हात लागला. ज्यांनी हे ठिकाण अजून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी जाण्याची तयारी, वाट, गाळावरचे चालणे आणि तेथे काय पाहावे, हे मी येथे क्रमाने लिहीत आहे.

आधी धरण समजून घ्यावे

घटप्रभा नदी चंदगड तालुक्याच्या बाजूने सह्याद्रीतून पूर्वेकडे येते आणि हिडकलला ती अडवलेली आहे. धरणाचे अधिकृत नाव राजा लखमगौडा जलाशय असे आहे. बेळगावात राजा लखमगौडा यांच्या नावाचे विज्ञान महाविद्यालय आणि विधी महाविद्यालय आहे, ते वंटमुरीचे सरदेसाई हेच. शिक्षणासाठी सढळ हाताने देणगी देणारे संस्थानिक म्हणून त्यांचे नाव या भागात अजून घेतले जाते. 1970च्या दशकात धरणात पाणी साठू लागले, नदीकाठची गावे उठली, माणसे वरच्या अंगाला नव्या वस्तीत गेली आणि विठ्ठलाचे मंदिर मात्र जागेवरच राहिले.

जलाशयाची पूर्ण पातळी 2175 फूट आणि साठवण क्षमता 51 टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे 2832 कोटी लिटर पाणी. हा आकडा पाठ करण्याची गरज नाही, परंतु त्यातून निघणारी एक गोष्ट उपयोगाची आहे. पावसाळ्यात नदीतून दिवसभर साधारण साडेअकरा हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी येत राहिले, तर त्या एका दिवसात जलाशयात एक टीएमसीची भर पडते. चंदगडकडे जोराचा पाऊस लागला की याहून अधिक आवक सहज होते. म्हणून उतरताना महिनोन्‌महिने रेंगाळणारे पाणी चढताना फार थोड्या दिवसांत चढते, आणि जूनच्या मध्यानंतर ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणणाऱ्याला पुढच्या रविवारी फक्त पाणीच दिसते.

उतरण्याचीही एक रीत आहे. कालव्यांना आणि नदीपात्रात सिंचनासाठी सोडलेले पाणी, बेळगाव शहरासह अनेक ठिकाणी पिण्यासाठी उचललेले पाणी आणि उन्हाने वाफ होऊन जाणारे पाणी, अशा तिन्ही वाटांनी साठा घटतो. जलाशय परातीसारखा वर पसरट आणि खाली निमुळता असतो. त्यामुळे पाण्याचा उपसा तेवढाच राहिला तरी वरच्या पातळीला एक फूट उतरायला जितके दिवस लागतात, त्याहून खालच्या पातळीला कमी लागतात. मार्चमध्ये ढिम्म वाटणारे पाणी मे महिन्यात झपाट्याने मागे जाते ते यामुळे. शिवाय काठाचा उतार जेथे सौम्य आहे, तेथे पातळी फूटभर उतरली की शंभर फूट जमीन उघडी पडू शकते. काठावरच्या माणसांना हे अंगवळणी पडलेले असते, शहरातून जाणाऱ्याला ते अद्भुत वाटते.

जाण्याचा दिवस कसा ठरवावा

बेळगावकरांना धरणाची पातळी वाचण्याची सवय आहे. उन्हाळ्यात राकसकोप जलाशयाचा आकडा वर्तमानपत्रात पाहूनच नळाला किती दिवसांनी पाणी येणार, याचा अंदाज घरोघरी बांधला जातो. त्याच ठिकाणी हिडकलचाही आकडा असतो, आपण तो ओलांडून पुढे जातो इतकेच. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राच्या दैनंदिन तक्त्यातही राज्यातील मोठ्या जलाशयांची पातळी दिलेली असते. तेथे शोधताना ‘हिडकल’ हे नाव सापडले नाही तर गोंधळू नये. सरकारी तक्त्यांत हा जलाशय बहुधा ‘घटप्रभा’ या नावाखाली असतो.

साधारण नियम असा धरावा की एप्रिलच्या आधी जाण्याचा विचार करू नये, मे महिन्याचा दुसरा पंधरवडा सर्वांत भरवशाचा मानावा आणि मोसमी पाऊस घाटावर धरला की बेत पुढच्या वर्षावर टाकावा. पण हा नियमही आदल्या पावसाळ्यावर अवलंबून असतो. ज्या वर्षी पाऊस ओढ देतो, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मंदिर लवकर आणि अधिक उघडे पडते. 2023 साली कर्नाटक सरकारने राज्यातील 236पैकी 223 तालुके दुष्काळी जाहीर केले होते. तशा वर्षानंतर धरणांतले पाणी लवकर तळाला जाते. उलट 2019च्या ऑगस्टमध्ये घटप्रभेला महापूर येऊन गोकाक शहरात पाणी शिरले होते, आणि अशा भरलेल्या वर्षानंतर मे महिन्यातही केवळ शिखरावर समाधान मानावे लागू शकते. मंदिर पूर्ण दिसणे ही आपल्यासाठी पर्वणी असली, तरी त्याच वेळी काठावरच्या गावांत टँकरची वाट पाहिली जात असते, याचे भान बोलताना ठेवावे. ‘यंदा छान पाणी आटलंय’ हे वाक्य मी एकदा चहाच्या टपरीवर मोठ्याने बोललो आणि समोरच्या शेतकऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती अजून विसरलेलो नाही.

कोणत्या पातळीला मंदिराचा कोणता भाग दिसतो, याचा आकडा विचारत बसण्यापेक्षा निघण्याच्या आदल्या दिवशी त्या बाजूच्या ओळखीच्या माणसाला फोन करावा. ओळखीचा कोणी नसेल तर यमकनमर्डी किंवा हत्तरगीच्या बाजूला ज्याचे पाहुणे आहेत, असा माणूस बेळगावात शोधायला फारसा वेळ लागत नाही.

पंचांगाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. आषाढी एकादशीला देव झोपतो आणि चातुर्मास संपल्यावर कार्तिकीला उठतो, असे आपण मानतो. हुन्नूरचा विठोबा साधारण आषाढीच्या सुमारासच पाण्याखाली जातो खरा, पण कार्तिकीला उठत नाही. धरण तेव्हा काठोकाठ असते आणि त्याची झोप थेट चैत्र-वैशाखापर्यंत लांबते. त्यामुळे एकादशीचे निमित्त साधून येथे दर्शनाला जाण्याचा बेत कोणी करू नये.

वाट आणि वाहन

बेळगावहून पुणे–बेंगळुरू महामार्गाने काकती, वंटमुरी असे उत्तरेला जावे आणि हत्तरगी–यमकनमर्डीच्या पट्ट्यात महामार्ग सोडून पूर्वेच्या अंगाला, जलाशयाकडे वळावे. निपाणीकडून येणाऱ्यांनी संकेश्वर ओलांडून याच पट्ट्यापर्यंत खाली यावे. महामार्गापर्यंत बसची सोय चांगली आहे, पण आतल्या रस्त्याला बसच्या वेळा सांभाळत बसण्यापेक्षा स्वतःचे वाहन किंवा वडाप बरे. फोनवरचा नकाशा धरणाच्या भिंतीकडे नेतो, आणि धरणाची भिंत व मंदिर या दोन वेगळ्या जागा आहेत, हे ध्यानात ठेवावे. नकाशात ‘हिडकल डॅम’ टाकून निघालेले लोक भिंतीजवळ पोहोचतात, फाटकाशी अडतात आणि मंदिर कोठे दिसत नाही म्हणून वैतागतात. हुन्नूर गावाचीच चौकशी करावी.

सकाळी सातच्या आत काठावर असावे. याला तीन कारणे आहेत. पहिले, उघड्या पडलेल्या जलाशयात सावलीचे झाड नसते आणि मे महिन्यात दहानंतर तेथे उभे राहवत नाही. दुसरे, दुपारनंतर वळवाचा पाऊस येण्याचा संभव असतो. मोकळ्या मैदानात वीज पडण्याचा धोका तर असतोच, शिवाय दहा मिनिटांच्या सरीने येतानाची कोरडी वाट जाताना राडीची होते. तिसरे कारण फोटो काढणाऱ्यांसाठी आहे: सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीवरचे थर, चिरांचे सांधे आणि झिजलेले कोपरे जसे दिसतात, तसे दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात दिसत नाहीत.

सोबत माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला टॉवेल किंवा टोपी, पायात पकडीचे बंद बूट आणि हातात छातीएवढी काठी असावी. काठी वयस्कांसाठी म्हणून सांगत नाही, तिचा उपयोग पुढे येईल.

गावात पोहोचल्यावर

गाडी नव्या वस्तीत किंवा पक्क्या रस्त्याच्या कडेलाच लावावी आणि खाली उतरण्याआधी भेटेल त्या माणसाला विचारावे. या पट्ट्यात कन्नड बोलणारेच अधिक आहेत. मराठी बहुतेकांना समजते, अनेकांना येतेही, पण सुरुवात कन्नडमधून केली की बोलणे लवकर मोकळे होते. ‘गुडी काणतैतेन्री?’ म्हणजे देऊळ दिसते का हो. ‘नीर एष्ट ऐती?’ म्हणजे पाणी किती आहे. उत्तरात ‘केसरु’ हा शब्द आला तर कान टवकारावेत, कारण केसरु म्हणजे चिखल. एवढे येत असले तरी पुरे, पुढचे संभाषण मराठी-कन्नडची सरमिसळ करत आपोआप चालते. संतांनी ज्या देवाला कानडा म्हटले आणि ज्याच्यासाठी दोन्हीकडची माणसे पंढरपूरची वाट चालतात, त्याच्या देवळाची वाट विचारताना भाषेचे अवघडलेपण निदान मला तरी कधी जाणवले नाही.

ज्या माणसाला आपण वाट विचारतो, त्याच्या घरच्यांनी कदाचित जुन्या हुन्नुरातले घर सोडलेले असते. आपण ज्या दगडांच्या रांगेवरून सहज उडी मारून जातो, ती कोणाच्या तरी घराच्या जोत्याची रांग असू शकते. तेव्हा थोडे थांबून, कोणी सांगत असेल तर ऐकून मग पुढे जावे. कोठे कोणाचा वाडा होता, कोठून पाण्याला जात, पेठ कोणत्या अंगाला होती, हे ऐकून खाली उतरलात तर समोरची ओसाड जमीन गाव म्हणून दिसू लागते. न ऐकता उतरलात तर दगडच दिसतात.

गाळावरून चालताना

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे आणि तो लिहिण्याचा अधिकार मी माझी फजिती करून घेऊन मिळवला आहे.

दुसऱ्या खेपेला मी आणि माझे मेहुणे दुचाकीवरून गेलो होतो. दूरवर शिखर दिसत होते, मधली जमीन वाळून भेगाळली होती आणि तिच्यावर कोणाच्या तरी गाडीच्या चाकोऱ्याही होत्या. गाडी तशीच खाली घातली. एक म्हातारे गृहस्थ शेळ्या चारत होते, ते लांबून ओरडले, ‘तिकडनं जाऊ नकासा ओ, राड हाय आत! वरनं वाळल्यागत दिसतंय नुसतं.’ आम्ही हात हलवून त्यांचे आभार मानले आणि पुढे गेलो. पन्नास पावलांवर पुढचे चाक बसले. उतरून पाहिले तर वरची पापडी बोटभर जाडीची, कडक, कडा वर वळलेली. तिच्या खाली लोण्यासारखा मऊ, काळपट आणि कुजकट वासाचा गाळ. गाडी ओढायला मी जोर लावला तसा माझा पाय पोटरीपर्यंत आत गेला आणि चप्पल तेथेच राहिली, ती अजून तेथेच असावी. शेवटी त्याच गृहस्थांनी गावातून दोघांना बोलावले, चाकाखाली पोती टाकली, दोर लावला आणि तासाभराने गाडी बाहेर निघाली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत; ‘सांगितल्यालं ऐकायचं असतंय की वो, पावणं,’ एवढेच म्हणाले.

त्या तासाभरात आणि नंतरच्या खेपेला जे शिकलो, ते असे आहे. नदी पावसाळ्यात जी माती आणते ती जलाशयाच्या संथ पाण्यात तळाला बसते, आणि सर्वांत बारीक कण सर्वांत शेवटी, वरच्या थरात बसतात. पाणी हटल्यावर हा थर वरून वाळतो, आकसतो आणि त्याला षट्कोनी-पंचकोनी भेगा पडतात. भेगा पाहून जमीन वाळली असे वाटते, परंतु भेग किती खोल गेली आहे हे पाहायला हवे. काठी भेगेत घालून पाहावी. वीतभर खाली ती सहज आणि ओली होऊन जात असेल तर ती वाट सोडावी. जमिनीचा रंग हीही खूण आहे: फिकट, पांढुरकी जमीन बहुधा चालण्याजोगी असते, गडद आणि चकाकणारी टाळावी. गुरांच्या खुरांचे ठसे उथळ आणि कोरडे असतील त्या वाटेने जावे, कारण गुरे रोज जातात आणि म्हशीपेक्षा आपण जड नाही. ठसे खोल असून त्यात पाणी झिरपलेले असेल तर म्हशीलाही तेथे कष्ट पडले आहेत, असे समजावे.

पाय रुतलाच तर तो सरळ वर उपटण्याचा प्रयत्न करू नये. गाळ पायाभोवती घट्ट बसलेला असतो आणि वर ओढताना खाली पोकळी होऊन तो उलट धरून ठेवतो. शिवाय एक पाय उपटताना सगळा भार दुसऱ्यावर जाऊन तोही आत जातो. मागे रेलून किंवा सरळ खाली बसून अंगाचा भार पसरावा, पाय हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवून भोवती पाणी आणि हवा शिरू द्यावी आणि आलेल्या वाटेनेच मागे यावे. कपडे खराब होतात, त्याला इलाज नाही.

पाण्यात मात्र उतरू नये. मंदिर आणि काठ यांच्यामध्ये गुडघाभर पाणी दिसत असेल तरीही उतरू नये. जुन्या गावात आड आणि विहिरी असणारच, आणि त्यांची तोंडे गाळाने नेमकी भरली आहेत की नुसती झाकली आहेत, हे वरून कळत नाही. गुडघाभर पाण्यातले पुढचे पाऊल विहिरीत पडले तर पोहता येणाऱ्याचाही निभाव लागणे कठीण, कारण पायाखाली गाळ असतो आणि हाताला धरायला काही नसते. मासेमारी करणारे लोक आपल्या होडीतून नेण्याची तयारी दाखवतात. अंगात घालायला जीवरक्षक जाकीट नसेल तर नम्रपणे नको म्हणावे. काठावरून पाहिलेले मंदिरही पाहिलेलेच असते.

वाटेत हिरवे तुकडे दिसले तर वळसा घालून जावे. पाणी हटलेल्या जमिनीच्या ओलीवर काठाचे शेतकरी थोड्या दिवसांत येणारे पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. ज्यांची जमीन धरणात गेली, त्यांना वर्षातले दोन-तीन महिने जे मिळते ते हे. आपल्या सेल्फीसाठी ते तुडवू नये.

मंदिरापाशी काय पाहावे

पाणी जोत्याच्या खाली गेलेले असेल आणि वाट कोरडी असेल, तर मंदिरापर्यंत जाता येते. गेल्यावर लगेच आत शिरण्याऐवजी आधी बाहेरून एक फेरी मारावी, तीही भिंतीपासून दहा-बारा फूट अंतर ठेवून. महिनोन्‌महिने भिजलेल्या भिंतीत पाणी मुरलेले असते आणि बाहेरचे पाणी उतरले तरी आतले लगेच उतरत नाही; आतल्या बाजूला साठलेला ओला गाळही भिंतीला बाहेर ढकलत असतो. धरणाखालचे जुने बांधकाम ढासळते ते बहुधा पाण्यात असताना नव्हे, तर पाणी उतरल्यानंतरच्या या दिवसांत. त्यामुळे भिंतीवर, शिखरावर चढणे हा वेडेपणा आहे, मग तेथे आधीच कोणी चढून बसलेले का असेना.

फेरी मारताना भिंतीवरच्या आडव्या रेघा पाहाव्यात. जलाशयाची पातळी जेथे काही दिवस स्थिरावली तेथे लाटांनी एक रेघ सोडलेली असते. वहीच्या पानावर आखल्यासारख्या या रेघा एकाखाली एक उतरत येतात आणि त्यावरून यंदा पाणी कसे कसे हटत गेले, याचा अंदाज येतो. मी गेलो तेव्हा दगडांच्या खाचांत वाळलेले शेवाळ कागदासारखे चिकटले होते, बोटाने सोलले की त्याची पूर्ण पत्री निघत होती. एका कोपऱ्यात फाटलेल्या मासेमारी जाळ्याचा गुंता दगडाला अडकलेला होता आणि जोत्याजवळ गोड्या पाण्यातले शिंपले विखुरलेले होते. देवळाच्या पायरीशी शिंपले पाहण्याचा प्रसंग आपल्याकडे, समुद्रापासून इतक्या आत, क्वचितच येतो.

इतकी वर्षे पाण्यात राहून हे बांधकाम टिकले कसे, असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. दगड गोड्या पाण्यात सहसा कुजत नाही. आपल्या खेड्यांतली जुनी देवळे फुटतात ती बहुतांशी पिंपळ आणि उंबराच्या मुळांनी. शिखराच्या फटीत पडलेले एक बी वीस वर्षांत चिरा बाजूला सारते. पाण्याखाली बुडणाऱ्या देवळावर पिंपळ रुजून वाढू शकत नाही, त्यामुळे या एका शत्रूपासून ते सुटले आहे. धोका आहे तो दरवर्षीच्या भिजण्या-वाळण्याचा. चुन्याचा सांधा सतत ओला राहिला तर तग धरतो, सतत कोरडा राहिला तरी धरतो. परंतु दरवर्षी आळीपाळीने भिजणे, वाळणे, वर लाटांचा मारा आणि उन्हाचा तडाखा यांनी तो हळूहळू मोकळा होत जातो. सांध्यांकडे जवळून पाहिले तर कोठे चुना शाबूत आहे आणि कोठे नुसती फट उरली आहे, हे सहज ओळखता येते.

समुद्रकिनाऱ्यावरच्या लोकांना हा प्रकार बुडालेल्या जहाजांच्या बाबतीत ठाऊक असतो. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जजवळच्या किनाऱ्यावर 1749 साली रुतलेले ‘ॲमस्टरडॅम’ नावाचे डच व्यापारी जहाज आजही वाळूत आहे आणि मोठ्या ओहोटीला त्याच्या लाकडी फासळ्या वर दिसतात. तेथे पाहणाऱ्याला काही तासांत परतावे लागते, आपल्याला काही आठवडे मिळतात, एवढाच फरक. आपल्या जवळची उदाहरणे हवी असतील तर गोव्यात सांगे तालुक्यात साळावली धरणाखाली गेलेले कुर्डी गाव उन्हाळ्यात असेच वर येते. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे ते गाव. उजनीच्या पाण्यातले पळसदेवचे मंदिरही पुणे–सोलापूर मार्गाने जाणाऱ्यांनी ऐकलेले असते. हुन्नूर पाहून ज्यांना गोडी लागेल त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात चोर्ला घाटाने कुर्डीला जावे.

काय करू नये, थोडक्यात

दगड, विटेचा तुकडा, मातीचे भांडे, नाणे, काहीही उचलून घरी आणू नये. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते आणि पुरलेले धन सापडले तर ते कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याच्या गावातली वस्तू ती दुसऱ्याचीच. भिंतीवर नावे कोरू नयेत. हार, नारळ, उदबत्ती नेणाऱ्यांनी प्लास्टिकची पिशवी परत आणावी, कारण हे पाणी महिन्याभराने पुन्हा वर येणार आहे आणि त्यातलेच पुढे बेळगावच्या नळाला येणार आहे. धरणाची भिंत, दरवाजे आणि फाटक यांचे फोटो काढण्याआधी तेथील पहारेकऱ्याला विचारावे. ड्रोन तर परवानगीशिवाय उडवूच नये.

गोकाकचा धबधबा याच दिवशी उरकण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, असे माझे मत आहे. ज्या दिवसांत मंदिर चांगले दिसते, त्या दिवसांत धबधब्याचा कडाच काय तो दिसतो. घटप्रभा तेथे सुमारे 52 मीटर खाली उडी घेते ती पाहायची तर जुलै-ऑगस्ट गाठावा, आणि तेव्हा हुन्नूरचे शिखरही दिसणार नाही. एकाच नदीची ही दोन रूपे एका फेरीत बसत नाहीत.

घरी आल्यावर दोन कामे करावीत. गाडीच्या चाकांत आणि मडगार्डमध्ये बसलेला गाळ त्याच दिवशी पाण्याने धुवावा, कारण दुसऱ्या दिवशी तो सिमेंटसारखा होतो आणि खरवडावा लागतो. दुसरे काम वहीतले. त्या दिवशीची हिडकलची पातळी किती फूट होती, ती तारखेसह लिहावी आणि तिच्यापुढे पाणी मंदिराच्या नेमके कोठवर होते, हे एका ओळीत नोंदवावे: शिखराच्या खाली, दाराच्या चौकटीला किंवा जोत्याला. माझ्या वहीत अशी एकच नोंद आहे, कारण पहिल्या दोन खेपांना ही अक्कल नव्हती. पुढच्या मे महिन्यात वर्तमानपत्रातला आकडा या नोंदीशी ताडून पाहिला की निघायचे की थांबायचे, हे घरबसल्या ठरवता येईल.